भावाला कावीळ झालीय, माझी सायकल चालू ठेवू का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय 24, टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे आणि सकाळ-संध्याकाळ जिम. पाच आठवड्यांनी जिल्हा पातळीची बॉडीबिल्डिंगची स्पर्धा आहे, पहिल्यांदाच स्टेजवर जाणार आहे. आठ आठवड्यांची सायकल (म्हणजे गोळ्या-पावडरींचा ठरवून घेतलेला कोर्स) चालू आहे, चौथा आठवडा संपत आला, त्यात व्हे प्रोटीन आणि क्रिएटिन या पावडरी, प्री वर्कआउट, फॅट बर्नर, मल्टिव्हिटॅमिन आणि जिममधल्या एका सिनियरनं दिलेल्या बारीक गोळ्या, दिवसाला तीन, तो म्हणतो स्टॅनो आहे, म्हणजे स्टेरॉइड, कटिंगला (चरबी उतरवायला) भारी. आता झालंय असं की सहा दिवसांपूर्वी मोठ्या भावाचे डोळे पिवळे दिसले, रक्त तपासलं तर हिपॅटायटिस ए निघाला. घर दोन खोल्यांचं, संडास एकच, नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं म्हणून बॅरल भरून ठेवतो, सगळे त्यातलंच वापरतो. घरात आई, वहिनी (तिला सातवा महिना चालू आहे) आणि मी. मला काहीच होत नाहीये, भूक कडक लागते, वजनं पण वाढलीत. सिनियर म्हणतो सायकल मध्येच सोडली तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, लिव्हरची गोळी डबल कर आणि चालू ठेव. काय करू सांगा की. रागावू नका.

उत्तर : रागवत नाही रे बाबा, उलट गोळ्यांचं न लपवता लिहिलंस हे फार बरं केलंस, कारण त्या एका ओळीमुळंच तुला नेमकं उत्तर देता येतंय. त्या बारीक गोळ्या आजपासून बंद. फॅट बर्नर पण बंद, प्री वर्कआउट पण बंद. व्हे आणि क्रिएटिनचं वेगळं सांगते खाली. आणि हे पत्र छापून तुझ्या हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून लसीचं मी तुला आधीच कळवलंय, पण तुझ्यासारखी बरीच पोरं हे वाचतील म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे "मला काहीच होत नाहीये" यावर विसंबू नको. हिपॅटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून त्रास दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस जातात, सरासरी 28. म्हणजे महिनाभर माणूस ठणठणीत असतो, भूक लागते, वजनं उचलतो आणि आत लिव्हरमध्ये काम चालू असतं. दुसरी गोष्ट याहून वाईट, पेशंटच्या शौचातून सगळ्यात जास्त विषाणू बाहेर पडतो तो डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. भावाचे डोळे सहा दिवसांपूर्वी पिवळे झाले, म्हणजे तो खरा पसरवत होता तेव्हा घरात कुणाला पत्ताच नव्हता, सगळे एकाच बॅरलमध्ये तांब्या बुडवत होते. आणि पिवळं दिसल्यावरही साधारण आठवडाभर तो पसरवू शकतो. आता हिशोब तूच कर, शेवटचा संपर्क आजचा धरला तरी 50 दिवस म्हणजे सात आठवडे, आणि तुझी स्पर्धा पाच आठवड्यांवर. तुझी सायकल आणि तुझी स्पर्धा दोन्ही बरोबर त्या काळात येतात ज्यात तुला लागण झालीय की नाही हे सांगता येत नाही.

आता स्टॅनो. स्टॅनोझोलोल, डायनाबॉल म्हणजे मेथॅन्डियनोन, ऑक्झॅन्ड्रोलोन, या तोंडानं घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या अशा बनवलेल्या असतात की लिव्हरनं त्या लगेच मोडून टाकू नयेत. म्हणून तर त्या गोळीतून काम करतात, आणि म्हणूनच लिव्हरला त्रास देतात. होतं काय तर लिव्हरमधून पित्त पुढं सरकायचं थांबतं, नाला तुंबल्यासारखं, मग बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढतं, डोळे पिवळे होतात आणि अंगाला अशी खाज सुटते की रात्र रात्र झोप नाही. हा प्रकार बहुतेक वेळा गोळ्या चालू केल्यापासून एक ते चार महिन्यांत दिसतो आणि तुझा पहिला महिना आता पूर्ण होतोय. गोळ्या थांबवल्या तरी कावीळ उतरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. यात वरून ए चा विषाणू आला तर एकाच लिव्हरवर दोन घाव. ए हिपॅटायटिस धडधाकट तरुण माणसात बहुतेक वेळा दोन महिन्यांच्या आत आपोआप बरा होतो, लिव्हर निकामी होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. पण हे चांगल्या लिव्हरचं गणित आहे. ज्याचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे त्याच्यासाठी हे गणित बदलतं, आणि तू आत्ता रोज तीन वेळा ते दुखावतोयस.

आणि ती गोळी खरंच स्टॅनो आहे का हे तुझ्या सिनियरला तरी माहितीय का? लेबल नसलेल्या, कुणाच्या तरी पिशवीतून आलेल्या गोळीत काय आहे, किती मिलिग्रॅम आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ही औषधं कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

लिव्हरची गोळी डबल करायचं म्हणतो ना सिनियर, ते ऐकू नको. मिल्क थिसल ही वनस्पती असो नाहीतर काही असो, अशी कुठलीही गोळी नाही की जी घेतली म्हणजे वरून स्टेरॉइड खाल्लं तरी लिव्हर सुरक्षित राहतं. आणि "लिव्हर सपोर्ट" म्हणून जे डबे मिळतात त्यात बऱ्याचदा सात-आठ वनस्पतींचं मिश्रण असतं, त्यातलं काय लिव्हरला जड जाईल हे सांगता येत नाही. 2020-21 मध्ये कोरोनाच्या भीतीनं लोकांनी गुळवेलीचे काढे आणि गोळ्या बेसुमार घेतल्या तेव्हा लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. अश्वगंधाच्या कॅप्सूलनं झालेली कावीळ पण नोंदलेली आहे. घरातली हळद वेगळी, आमटीतल्या चिमूटभर हळदीनं काही होत नाही, पण मिरीचा अर्क घालून तीव्र केलेल्या हळदीच्या कॅप्सूलही याच यादीत येतात. फॅट बर्नरच्या डब्यावर ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट लिहिलंय का बघ, बहुतेक असतंच. कपातला ग्रीन टी वेगळा आणि हा अर्क वेगळा, त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला 800 मिलिग्रॅमच्या वर गेलं की लिव्हरचे आकडे वाढलेले दिसतात. काही प्री वर्कआउटमध्ये नायासिन (एक बी व्हिटॅमिन) भरपूर असतं, तेही जास्त झालं की लिव्हरला नको. म्हणून हे सगळं बाजूला ठेव. दुखलं खुपलं की जिमची पोरं डायक्लोफिनॅक खातात, तेही नको, ताप-अंगदुखीला पॅरासिटॅमॉल पण स्वतःच्या मनानं घेऊ नको, डॉक्टरला विचारून किती ते ठरव. दारू तर अजिबातच नाही.

व्हे प्रोटीन आणि क्रिएटिन यांनी लिव्हर बिघडल्याचं काही दिसत नाही, डबा चांगल्या दुकानातला असेल आणि त्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा) 14 आकडी लायसन्स नंबर असेल तर व्हे चालू ठेव. पण शेकरमध्ये पाणी कुठलं घालतोस ते सांग बरं. जिमच्या टाकीचं की घरच्या बॅरलचं? इथं खरी गोम आहे. महागडी पावडर आणि विषाणू एकाच शेकरमधून पोटात जाऊ शकतात. शेकरच्या झाकणाच्या तोटीत आणि आतल्या तारेच्या गोळ्याला कालच्या पावडरीचा थर चिकटलेला असतो, तिथं ब्रश घालून साबणानं धू, कडक ऊन आहे सोलापुरात, उघडा पालथा घालून वाळव. पाणी घरून उकळून गार केलेलं ने. क्रिएटिन थांबवलंस तरी स्नायूतला साठा एकदम जात नाही, मूळ पातळीला यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळं मळमळ-उलटी सुरू झाली आणि थांबवावं लागलं तर जीव खालीवर करू नको. फक्त एवढं लक्षात ठेव की क्रिएटिन घेणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वाढलेलं दिसतं, डॉक्टरला सांगितलं नाहीस तर उगीच किडनीची काळजी सुरू होईल.

मेहनत पाण्यात जाते हे पण तपासून बघू. दोन-तीन आठवडे व्यायाम पूर्ण थांबला तरी खरा स्नायू फारसा जात नाही, स्नायूतलं पाणी आणि ग्लायकोजेन (साठवलेली साखर) कमी होतं म्हणून आरशात बारीक दिसतो माणूस, ते परत भरतं. गोळ्या सोडल्यावर थकवा येईल, मूड पडेल, झोपेचं आणि लैंगिक इच्छेचं तंत्र बिघडेल, कारण गोळ्या चालू असताना शरीरानं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी केलेलं असतं. हे खरं आहे आणि त्रासदायक आहे. पण त्यासाठी सिनियर जी पीसीटी (सायकलनंतरचा हार्मोनचा कोर्स) म्हणून क्लोमिफिन नाहीतर टॅमॉक्सिफेनची पानं देईल ती घेऊ नको, तीही औषधंच आहेत आणि त्याच लिव्हरमधून जातात. मन फारच खचलं, नको नको ते विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि घरात कुणाला तरी सांग.

आता करायचं काय. फिजिशियनकडे जा आणि हिपॅटायटिस ए ची लस विचार. संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस घेतली तर आजार टळण्याची चांगली शक्यता असते, जितक्या लवकर तितकं बरं. बऱ्याच जणांना लहानपणी नकळत ए होऊन गेलेला असतो, लहान पोरांमध्ये बहुतेक वेळा डोळे पिवळे होतच नाहीत, आणि तसं झालं असेल तर तुला जन्मभराचं संरक्षण आहे. रक्ताच्या तपासणीत ते कळतं, पण तपासणीच्या नादात लस लांबवू नको. आईचं वय चाळिशीच्या पुढं असणार, तिच्याबद्दल डॉक्टरला वेगळं विचार.

लिव्हरची तपासणी एकदा आत्ता आणि दोन-तीन आठवड्यांनी परत, आणि इथं जिमवाल्यांची एक हमखास गफलत होते. जड वजनं मारली की एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रिपोर्टमधले आकडे स्नायूंमधूनही वाढतात, आठवडाभर वाढलेले राहू शकतात. म्हणून रक्त द्यायच्या आधी आठवडाभर हलकं कर, नाहीतर सोबत सीपीके (स्नायूंची रक्ततपासणी) तपासून घे म्हणजे स्नायूचं किती आणि लिव्हरचं किती हे कळतं. बिलिरुबिन आणि जीजीटी (लिव्हरचाच आणखी एक आकडा) वजनांनी वाढत नाहीत. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी बऱ्याचदा हजारात जातो, आणि स्टेरॉइडच्या काविळीत बिलिरुबिन प्रचंड आणि एसजीपीटी त्यामानानं थोडासाच वाढलेला, असं चित्र असतं. म्हणजे तू गोळ्यांचं सांगितलंस तर डॉक्टरला रिपोर्ट वाचता येतो, नाही सांगितलंस तर तो अंधारात चाचपडतो.

लक्षणं कशी ओळखायची? सुरुवातीला बारीक ताप, अंग मोडल्यासारखं, मळमळ, खाण्याची शिसारी. तुझ्यासारख्याला पहिली खूण ताटात दिसेल, रोजचं उकडलेलं चिकन आणि अंड्याचा वास नको वाटायला लागला की सावध हो. मग लघवी घट्ट कोऱ्या चहासारखी. मल्टिव्हिटॅमिननं लघवी चमकदार पिवळी होते ती बी कॉम्प्लेक्समुळं, ती वेगळी, हिचा रंग तपकिरी असतो. डोळे ट्यूबलाइटखाली बघू नको, उजेडात, दारात उभं राहून खालची पापणी ओढून आईला बघायला सांग. यातलं काहीही दिसलं तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

तोपर्यंत हलका व्यायाम कर, चाल, हुतात्मा बागेत चार चकरा मार, हलकी वजनं चालतील. पण स्टेजसाठी पाणी तोडणं, लघवीच्या गोळ्या घेणं, हे सोलापूरच्या 42-43 डिग्रीच्या उन्हात कुणीच करू नये आणि तू तर या वर्षी नाहीच. ही स्पर्धा सोड. मला माहितीय की हे वाचून तुझ्या पोटात कालवलं असेल, पहिलं स्टेज होतं, कारखान्याची पाळी सांभाळून पहाटे उठून केलेली मेहनत आहे ती. पण तू 24 चा आहेस, आणि असल्या स्पर्धा दरवर्षी असतात.

आणि वहिनी. तू कंसात लिहिलंस म्हणून मी इथं वेगळं लिहिते कारण मला तुझ्यापेक्षा तिची काळजी जास्त वाटली. हिपॅटायटिस ए गरोदरपणात सहसा फार मोठं संकट करत नाही, पण ज्या दूषित पाण्यातून ए येतो त्याच पाण्यातून हिपॅटायटिस ई पण येतो, आणि ई शेवटच्या तिमाहीत अतिशय घातक असतो, लागण झालेल्या दर चार-पाच बायकांमागे एक दगावू शकते. 1955-56 मध्ये दिल्लीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली होती, तेव्हा तो ए समजला गेला, जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढं कळलं की तो ए नव्हता, त्यालाच आज ई म्हणतात. ई ची लस आपल्याकडं मिळत नाही. म्हणून तिच्या डॉक्टरला आजच भावाची कावीळ कळवा, आणि तिच्यासाठी पाणी खळखळून उकळलेलंच, एक उकळी आली की लगेच उतरवायचं नाही, मिनिटभर तरी उकळू द्यायचं. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाही. बॅरलमध्ये हात आणि तांब्या बुडवायचं बंद, लांब दांडीचं ओगराळं ठेवा नाहीतर बॅरलला खाली तोटी बसवून घ्या. भावाला थोडे दिवस स्वयंपाकघरात कशाला हात लावू देऊ नका, आणि संडासातून आल्यावर प्रत्येकानं साबण, दोन्ही हात, नखांसकट.

प्रश्न : मॅडम, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगा 21 वर्षांचा आहे, दहा दिवसांपासून कावीळ आहे. नातेवाइकांनी एका गावात नेऊन माळ घालून आणली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पिवळं पाणी निघालं. पण कावीळ उतरत नाही आणि खाज इतकी आहे की रात्रभर खाजवतो, अंग ओरबाडून घेतलंय. काल खोली झाडताना पलंगाखाली खोकं सापडलं, त्यात गोळ्या, दोन-तीन छोट्या बाटल्या आणि सुया आहेत. विचारलं तर म्हणाला व्यायामाचं आहे, आणि मला शपथ घातली की बाबांना आणि डॉक्टरला सांगायचं नाही. शेजारी म्हणतात नुसता उसाचा रस आणि बिनतेलाचं, बिनहळदीचं द्या. त्याला काही झालं तर मी काय करू?

उत्तर : ताई, शपथ मोडा. आज मोडा. आईनं पोराच्या जिवासाठी शपथ मोडली तर त्यात काही पाप नाही, आणि तुमच्या हातात आत्ता जी माहिती आहे ती डॉक्टरच्या हातात नाही, तीच त्याला हवी आहे. दहा दिवस कावीळ, उतरत नाही आणि रात्रभर खाज, हे ऐकून माझ्या डोक्यात पहिली शंका गोळ्यांचीच येते. विषाणूच्या काविळीतही खाज येते पण इतकी खाज आणि सोबत ते खोकं, म्हणजे हे डॉक्टरला कळलंच पाहिजे. खोक्यातल्या गोळ्या, पाकिटं, बाटल्या सगळं सोबत न्या, सोडून जाऊ नका. सुयांना उघड्या हातानं शिवू नका, जाड प्लास्टिकच्या बाटलीत चिमट्यानं टाका आणि झाकण घट्ट लावा.

मुलाला असं सांगा की डॉक्टर पेशंटची गोष्ट बाहेर सांगत नाही, ते त्याच्यावर बंधन आहे. बाबांना कधी सांगायचं ते नंतर तुम्ही दोघं मिळून ठरवा, पण डॉक्टरला आत्ता. पोरं घाबरतात ती औषधापेक्षा घरातल्या आरडाओरड्याला जास्त, म्हणून दवाखान्यात जाताना रिक्षात त्याला काही बोलू नका, नुसतं सोबत चला. तुम्ही रागावणार नाही एवढी खात्री पटली की तोच सगळं सांगेल, काय घेतलं, कधीपासून, सुई कुणाबरोबर वाटून घेतली का.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. सुया आहेत म्हणजे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तिन्ही तपासण्या करून घ्यायच्या. बी आणि सी ची तपासणी आणि औषधोपचार सरकारी कार्यक्रमात 2018 पासून मोफत आहेत, सिव्हिलमध्ये चौकशी करा. सोबत पीटी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) पण सांगतील, त्यावरून लिव्हर खरंच किती थकलंय ते कळतं, नुसत्या बिलिरुबिनच्या आकड्यावरून नाही.

माळेचं आणि चुन्याचं सांगते, कारण त्यात दहा दिवस गेलेत. माळ हिरव्या काड्यांची असते, काड्या वाळून आकसतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात आणि माळ लांब होत जाते, ती कुणाच्याही गळ्यात, अगदी खुंटीवर टांगली तरी लांब होते. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात तो पिवळा होतो, कावीळ नसलेल्या माणसाचा पण. ए ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणून माळेला यश मिळाल्यासारखं वाटतं. पण ज्याची आपोआप उतरणारी नसते त्याचे मोलाचे दिवस जातात, आणि तुमच्या मुलाचे तसे जातायत.

खाण्याबद्दल शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका. हळदीनं कावीळ वाढत नाही. कोपऱ्यावरच्या गाड्यावरचा उसाचा रस म्हणजे न धुतलेला ऊस, कुठल्या तरी पाण्याचा बर्फ आणि बादलीत बुचकळलेला ग्लास, कावीळ तिथूनच यायची शक्यता. ज्वारीची भाकरी, वरण-भात, दही, अंडं, जे जाईल ते द्या, सकाळी मळमळ कमी असते तेव्हा जास्त खायला द्या आणि दिवसभरात थोडं थोडं. तोंडाला चव नसेल तर भाकरीबरोबर चिमूटभर शेंगाचटणी द्यायला काही हरकत नाही. प्रोटीन बंद करायचं नाही, डॉक्टरनं मुद्दाम सांगितलं तरच.

आणि हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा: सतत उलट्या होऊन पाणीसुद्धा न टिकणं, दिवसा झोपून राहणं आणि रात्री जागं असणं, असंबद्ध बोलणं, ओळखीच्या माणसाला न ओळखणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, शौचाला काळी होणं, पोट फुगणं. यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता ॲडमिट करायचं, मध्यरात्र असली तरी.

प्रश्न : मॅडम, मी अक्कलकोट रोडला जिम चालवतो. एका मेंबरला कावीळ निघालीय. जिम बंद ठेवू का? सगळ्या मशीनला रोज सॅनिटायझर मारतोय.

उत्तर : बंद ठेवायची गरज नाही. हिपॅटायटिस ए हा आजार श्वासातून, शेजारी व्यायाम केल्यानं पसरत नाही, तोंडावाटे पोटात गेल्यानं पसरतो. म्हणून सॅनिटायझरचा खर्च थोडा वळवा, या विषाणूला अल्कोहोल तितकंसं लागू पडत नाही, साबण आणि वाहतं पाणी जास्त उपयोगी. संडासाजवळ साबण आहे का आणि तो संपला की कोण ठेवतं हे आधी बघा. संडासाची कडी, नळ, जमीन ब्लीचच्या पाण्यानं पुसा. पिण्याच्या माठावर साखळीला बांधलेला एकच स्टीलचा ग्लास असेल तर तो आजच काढा, प्रत्येकाची बाटली वेगळी. एकमेकांच्या शेकरमधला घोट घ्यायची सवय पोरांना असते, त्याला सक्त मनाई. ज्यांनी त्या मेंबरबरोबर बाटली किंवा डबा वाटून घेतला त्यांची नावं काढून त्यांना लसीबद्दल डॉक्टरकडे पाठवा, दोन आठवडे उलटायच्या आत.

एक जास्तीचं विचारते, तुमच्या जिममध्ये चेंजिंग रूममध्ये इंजेक्शनं घेतली जातात का? प्रत्येकाची सुई वेगळी असली तरी बाटली एकच असेल आणि कुणी वापरलेली सिरिंज त्यात परत घातली, तर हिपॅटायटिस बी आणि सी त्या बाटलीतून सगळ्यांना जाऊ शकतो, आणि तो ए सारखा दोन महिन्यांत निघून जाईल असं नाही, वर्षानुवर्षं अंगात राहू शकतो. मालक म्हणून तुम्ही हे थांबवू शकता, ट्रेनर आणि पोरं तुमचं ऐकतात. बी ची लस आहे, मोठ्या माणसाला तीन डोस, पहिला, मग एक महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात, तुम्ही स्वतः आणि ट्रेनर मंडळींनी आधी घ्या. सी ला लस नाही.

त्या कावीळ झालेल्या पोराला डॉक्टर हो म्हणेपर्यंत येऊ देऊ नका, आणि तेवढ्या दिवसांची त्याची मेंबरशिप पुढं वाढवून द्या, नाहीतर फी वाया जाते म्हणून तो आजारी अंगानं येऊन वजनं उचलेल.